ब्रेकची तार

टेंभुर्णी, धुळवड, १९९९

मच्छिंद्रदादा,

हे पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीतच राहणार हाय, म्हणून सगळं लिहितो.

टेकडीच्या उतारावरच्या सायकल शर्यती काल संपल्या. सहापैकी चार मी जिंकलो. सायकल तुझीच, गिअरवाली.

रीत अजून तीच हाय. वर गेल्यावर समोरच्याची सायकल तपासायची, त्यानं "बराबर" म्हणल्याबिगर उतरायचं न्हाई. काल माझी सायकल दुसऱ्या नंबरावरच्या धर्मराजनं तपासली. ब्रेक दाबला, वाकून पाह्यलं अन् "बराबर" म्हणला. खाली पोचल्यावर मी पाह्यलं, तर ब्रेकची तार दोन धाग्यांवर लटकून राह्यली व्हती. त्याला दिसली न्हाई, असं व्हणारच न्हाई.

पोरं गुलाल टाकून राह्यले व्हते.  धर्मराजला कोणत्या तोंडानं बोलू?

त्या साली पाचच्या पाच शर्यती तूच जिंकल्त्या. सहाव्या वेळी तुझी सायकल मी तपासली. तार मलाबी दिसल्ती. मी "बराबर" म्हणलो, अन् तुझा गुडघा कायमचा गेला.

दवाखान्यात तू आपल्या बापूला सांगितलं, मुरमावर चाक घसरलं. तुटलेली तार तवा तुझ्या मुठीत व्हती.

तुझा,
संपत