चटईखालची माणसं

प्रिय बाबा,

फोनच केला असता. पण आपल्या घरी फोन वाजला की सेउला आत्या तो घराच्या मधोमध ठेवते, आवाज मोठा करते, आणि मग मी तुमच्याशी कुठली, अख्ख्या गावाशी बोलत असते. म्हणून हे पत्र. पाद्रीणबाई उद्याच्या बोटीने आपल्या सवाई बेटावर परतताहेत, त्यांच्या हाती देते आहे. एकट्याने वाचा. आत्याने विचारलंच, तर सांगा की लांगीने अळूच्या मळ्याची चौकशी केली आहे.

निकालाची बातमी तुम्ही रेडिओवर ऐकलीत, हे कळलं. रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी माझं नाव घेतलं आणि तुम्ही डोळे पुसलेत, हेही आत्याने सांगितलं. डुक्कर कापायचं घाटतंय म्हणे. बाबा, डुक्कर राहू द्या. मी जिंकले हे खरं आहे. जिच्याविरुद्ध जिंकले त्या बाईचं नाव फुआतिनो. तिचा दावा पुरता ऐकला जाण्याआधीच फेटाळला गेला, आणि तो मी लिहिलेल्या एका परिच्छेदामुळे. अपिलात काही झालं तर झालं, नाहीतर तिला सरकारकडून काहीही मिळणार नाही. त्या परिच्छेदाबद्दलच सांगायचं आहे, पण तिथपर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल.

माझं काम नेमकं काय, हे मी तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटता, "माझी पोर म्हणजे सरकार!" त्यावर आत्या म्हणते, "मग सरकारला म्हणावं, आमच्या वाटेवरचा खड्डा बुजव. नाताळात माझा पाय मुरगळला." तर बाबा, आत्याने उद्या त्या खड्ड्यावरून दावा लावला, तर कोर्टात आत्याच्या समोर मी उभी राहीन. हेच माझं काम. कोणी सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर घसरतं, कोणाला सरकारी गाडीची धडक बसते. ते भरपाई मागतात आणि मी सरकारच्या वतीने उत्तर देते. याची मला कधी लाज वाटली नाही. आमच्या वरिष्ठ आयलीनी मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तिजोरी म्हणजे कोणा मंत्र्याचा खिसा नव्हे, शाळेचं छप्पर आहे. खोट्याला दिलंस तर पाऊस पोरांच्या डोक्यावर पडेल." खोटी माणसंही भेटतात. पाठ कायमची गेली म्हणून रडणारा एक गृहस्थ आठवड्याभरात नारळाच्या झाडावर सापडला. आमच्या माणसाने खालून हाक मारली तर वरूनच ओरडतो, "चढताना दुखत नाही हो, उतरताना दुखतं!"

फुआतिनो खोटी नव्हती. ती रस्त्याच्या कडेला भाजलेले नीरफणस विकायची. चढावर उभा असलेला सरकारी ट्रक ब्रेक न लागल्याने मागे आला. कोणत्या खात्याचा, ते लिहीत नाही. लिहायची परवानगीही नाही. कमरेपासून गुडघ्यापर्यंत हाड मोडलं. दोनदा शस्त्रक्रिया झाली, पण पाय आता मुडपत नाही. आपल्यात पाय न मुडपणाऱ्या माणसाचं काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार? चार माणसांत बसायचं तर पाय कोणाकडे तरी होणारच. ती चर्चमध्ये सगळ्यांच्या मागे बसते, पायावर पांघरूण घालते, आणि कोणी काही म्हणायच्या आत क्षमा मागते. विणायला बसणाऱ्या बायकांत तिने जाणंच सोडलं आहे. कोर्टातही तिची पहिली वाक्यं हीच होती, "न्यायाधीश महाराज, पाय तुमच्याकडे होतोय. राग मानू नका."

ट्रकचा चालक पेलेनाटो. साठीला आलेला, हळू बोलणारा माणूस. त्याने गाडीच्या वहीत तीनदा लिहिलं होतं की ब्रेक नीट लागत नाहीत. ती वही मी वाचली होती, नियमाप्रमाणे तिची प्रत समोरच्या वकिलालाही दिली होती. अपघाताच्या तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पेलेनाटो बायकोला, तीन भावांना आणि म्हाताऱ्या काकांना घेऊन फुआतिनोच्या घरासमोर इफोंगाला, रीतीप्रमाणे क्षमा मागायला, बसला. घरातली सगळ्यात भारी चटई सगळ्यांच्या डोक्यांवरून ओढलेली. जबानी द्यायला आला तेव्हा मला म्हणाला, "पोरी, चटईखाली दुसऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येतो. समोरून येणारा माणूस कोयता घेऊन येतोय की हात पुढे करून, ते कळायची सोय नाही." ऊन चांगलं वर येईपर्यंत कोणी आलं नाही. मग फुआतिनोचा थोरला भाऊ आला, त्याने चटई उचलली आणि सगळ्यांना घरात नेऊन कोको पाजला. तेव्हापासून पेलेनाटो दर शनिवारी त्या घरी अळकुड्या पोचवतो.

हे ऐकलं आणि बाबा, माझ्या डोक्यात दिवा लागला. मी लिहिलं: सरकारवरचा दावा हा नोकराच्या चुकीवर उभा आहे, त्या चुकीची क्षमा रीतीप्रमाणे मागितली गेली आणि दुखावलेल्या कुटुंबाने ती रीतीप्रमाणे, पूर्णपणे दिली, चटई उचलल्यावर भांडण उरत नाही, म्हणून सरकारवर लादावी अशी चूकच आता शिल्लक नाही. लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता. कॉलेजात चार वर्षं मी दुसऱ्यांच्या देशांतले निकाल पाठ केले, त्यांत आपल्या चटईचं नाव कुठेही नव्हतं. वाटलं, मी आपली रीत कोर्टात आणली, तिला तिथे मानाने बसवलं. मॅडमनी परिच्छेद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे मला वीस वर्षांत सुचलं नाही." मी त्या दिवशी जेवलेही नाही, इतका आनंद झाला होता.

न्यायाधीशांनी आधी एवढाच मुद्दा ऐकायचं ठरवलं. फुआतिनोची उलटतपासणी मीच घेतली. मी विचारलं, पेलेनाटोला तुमच्या घराने माफ केलं ना? म्हणाली, केलं. मनापासून? ती जरा दुखावली. "अर्धी माफी असते का कुठे?" मग मनात त्याच्याबद्दल काही उरलं आहे? "नाही बाई, काही नाही. तो भला माणूस आहे." मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मी खाली बसणार, एवढ्यात ती पुढे बोलली. "चटई उचलली तेव्हा मी दवाखान्यात होते. पण भावाला खोदून खोदून विचारलं, खाली कोण कोण होतं? त्याने एकेकाचं नाव सांगितलं. पेलेनाटो होता, त्याची बायको होती, भाऊ होते, काठी टेकत आलेला काका होता. सरकार नव्हतं. असतं तर त्यालाही कोको दिला असता." मागच्या बाकांवर कोणी तरी हसलं. न्यायाधीशांनी तिला विचारलं तेवढंच सांगायची समज दिली. मी उठून म्हणाले, सरकारतर्फे आणखी प्रश्न नाहीत. माझ्या आवाजात काही फरक पडला नव्हता, याचंच मला आता नवल वाटतं. निकाल आठवड्याने लागला. ब्रेकची वही उघडलीच गेली नाही.

निकालानंतर ती व्हरांड्यात बाकावर बसली होती, पाय लांब करून. वाट अरुंद, तिच्या पायाला वळसा घातल्याशिवाय जाता येईना. मी खाली वाकून क्षमा मागत निघाले, तर तिने हात धरला आणि विचारलं, "कुठल्या गावची तू? कोणाची?" मी गाव सांगितलं, तुमचं नाव सांगितलं. म्हणाली, "बापाने चांगलं वळण लावलंय. किती नीट बोलतेस." बाबा, तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती खरंच तसं म्हणत होती.

मी मॅडमकडे गेले. म्हटलं, आपण समेटाचा विचार करू या, निदान खात्याने कोणी तरी जाऊन यावं. त्या म्हणाल्या, "सरकारला गुडघे नसतात, पोरी. असते तर तुझी-माझी नोकरीच नसती." समेटाचं टिपण मात्र त्यांनी लिहून घेतलं आणि सही करून वर पाठवलं. ते परत येईल किंवा येणार नाही. मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली, की मी स्वतः तिच्याकडे माफी मागायला जाणार आहे. त्या म्हणाल्या, "अपिलाची मुदत संपेपर्यंत थांब." मी म्हटलं, तिची अपिलाची वाट बंद झाल्यावर गेले तर ती माफी कसली, तो पाहुणचार झाला. त्यांनी फाईल माझ्या हातून काढून घेतली आणि कपाटात ठेवली. "आजपासून हा खटला तुझा नाही. आणि आत्ता बोललीस ते मी ऐकलं नाही. पण वर्तमानपत्रात आलं, तर मला वाचावं लागेल." म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल. ज्या नोकरीसाठी तुम्ही मला ओल्या वाटेने शाळेत खांद्यावरून नेलंत, ती कदाचित राहणार नाही.

बाबा, मला फुआतिनोच्या घरासमोर बसायचं आहे. खात्याच्या चुकीसाठी मी बसू शकत नाही, तो अधिकार माझा नाही आणि ती चूकही माझी नाही. तिने मनापासून दिलेली माफी मी तिच्याच विरुद्ध वापरली, ती चूक माझी आहे. वकील म्हणून घेतलेली शपथ मी मोडणार नाही. चटईखाली कोणी काही बोलत नाही, त्यामुळे सरकारचं कुठलंही गुपित माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. पण एकटी बसले तर त्याला काही अर्थ नाही. माणूस चुकतो आणि घर बसतं, हे मला तुम्हीच शिकवलंत. ज्या गावात माझं नाव प्रार्थनेनंतर घेतलं गेलं, तिथूनच तुम्ही माझ्यासाठी मान खाली घालायला यावं, असं मी मागते आहे. केवढं मागते आहे ते मला ठाऊक आहे. आईने विणलेली चटई पेटीतून काढा. आत्याला आणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा; आली तर तिला तेवढा वेळ गप्प बसावं लागेल. फुआतिनोचा भाऊ येऊन चटई उचलेल, असं मी धरून चाललेली नाही. दुपार झाली तरी कोणी आलं नाही, तर बसून राहायची तयारी करून या. यायचं नसेल तर उत्तर लिहू नका, मी समजेन आणि तुमच्यावर रागावणार नाही. शुक्रवारी मी मुलिफानुआच्या धक्क्यावर थांबेन. पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत.

धक्क्यावर वाट पाहणारी,
तुमचीच
लांगी