पितरपाट लागायच्या आत

दौंड, २४ सप्टेंबर १९९३
चि. तुळजास सावळारामदादाचे आशीर्वाद.
इकडं समदी खुशाल. गौरीला आणलेली पूनम अजून केंदुरातच हाय म्हणं! लेकीचं काय लोणचं घालतीस का? पितरपाट लागला की पंधरा दिस सासरी धाडता येत न्हाई, आन् तिकडं किल्लारीकडं तिची सासू वाट बघतीय. मंगळवारी तिला दौंडला आणून सोड. सोलापूरच्या गाडीत मी सोता बसवून देतो. रडारड नको.
भावावर माया ठेव.
दादा

केंदूर, ३० सप्टेंबर
ति. दादास तुळजाचा शि. सा. न.
पहाटं भांडी वाजली. मांजर असंल म्हणून मी कूस बदलली. आता रेडिओवर सांगत्यात, भूकंपात किल्लारी भुईसपाट झाली, आसपासची गावं गाडली. माझी पूनम कालच तिथं पोचली असंल! चार दिस ऱ्हाऊ द्या म्हणत होते, तुम्ही ऐकलं न्हाई. फोन लागंना. आपल्या गावच्या बन्सीच्या जीपनं चिठ्ठी धाडतीय. तुम्हीच तिला गाडीत बसवली, तुम्हीच हुडकून आणा. तिच्याबिगर माझ्या दारात येऊ नका.
जीव थाऱ्यावर न्हाई, राग धरू नका.
तुळजा

दौंड, ३० सप्टेंबर
चि. तुळजास आशीर्वाद.
बन्सी दारात उभा हाय. रजेची वाट न बघता तसाच निघतोय. गाडी हालली तवा पोरीनं सांगितलं, आईला म्हणावं मी रडले न्हाई. डोळं पुसत सांगितलं गं. माझ्याच हट्टापायी गेली.
दादा

किल्लारीजवळची छावणी, ४ ऑक्टोबर
ति. आईस पूनमचा शि. सा. न.
मी जिती हाय. आधी येवढं वाच, मग बाकीचं.
गणपती बुडवून हे पारावरच आडवे झाले, म्हणून वाचले. त्यांनीच मला दगडामातीतून ओढून काढलं. सासूबाई गेल्या. जाऊबाई बी गेल्या. त्यांची तान्ही छकुली मी आल्यापास्नं मला सोडंना, म्हणून माझ्याच कुशीत निजली होती. तिला खरचटलं बी न्हाई.
मामा आलेत. माझ्याम्होरं मान वर करंनात. त्यांना टाकून बोलू नकोस. घरी चल म्हणत्यात, पण मी येत न्हाई. रातच्याला छकुली चाचपडत आई हुडकती, मग मी हात पुढं करते. डब्यातलं दूध ती ओकून टाकती. तुझी करडी शेळी दुभती हाय न्हवं? मामा ही चिठ्ठी घेऊन येत्यात, त्यांना दारातनं माघारी लावू नकोस. रडायला बसू नको आई, शेळी सोड आन् त्यांच्या हाती दे.
तुझीच,
पूनम