पंकजला विचारणे

धसई, बुधवार

प्रिय दादा,

बाबांना अग्नी देऊन तू त्याच संध्याकाळी पुण्याला परत गेलास. दहाव्याला रजा नाही म्हणालास. काल फोनवर बाबांच्या पेटीचा विषयही दोन वाक्यांत संपवलास: म्हशीचे दात आहेत सगळे, नदीत सोडून दे. तुला बोलायला काय जातं रे! इथे कुंडलिककाका रोज सकाळी ओट्यावर येऊन बसतात. मेल्या ढोरांची हाडकं घरात ठेवायची नाय, शुक्रवारी दहाव्याला नदीवर जाताना पेटी पण घ्या, हेच त्यांचं टुमणं. आईसुद्धा हो म्हणून बसलीय. पेटी मी माझ्या पलंगाखाली सरकवलीय, पण शुक्रवारच्या पुढे माझं काही चालणार नाही.

रोज रात्री तिच्यावरच झोपतेय, म्हणून आज उघडली. बाबांची कंडक्टरकी आठवते ना तुला? मुरबाड-धसई गाडीत कोणी नदीतला दात आणून दिला की तिकीट राहिलं बाजूला, बाबा आधी तो जिभेला लावायचे. मुळाशी जीभ चिकटली तर दात दगड झालेला, हजारो वर्षांचा. नाही चिकटली तर कालपरवाच्या ढोराचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तूही त्यांचं बघून चाटायचास, आणि आई तुम्हा दोघांना चूळ भरल्याशिवाय घरात घ्यायची नाही. हे वेड तुला त्यांनीच लावलं, दादा. तू शिकून संग्रहालयात लागलास, तेव्हा आमचा पंकज नुसता दात बघून जनावर सांगतो, असं त्यांनी अख्ख्या गाडीला ऐकवलं होतं.

मग जैतूचा दात आला. तुझं तोंड वाकडं होईल, तरी वाच. वाडीवरच्या जैतूला चिंबोऱ्या धरताना डोहाकाठच्या गोट्यांत तो मिळाला. काळाभोर, जड, आणि माथ्यावर नागमोडी रेघा. बाबा म्हणाले, घोड्याचा, माणसाने घोडा पाळायच्या आधीच्या रानघोड्याचा. तो त्यांनी तुला पाठवला. तुझा फोन आला, की म्हशीचा आहे, उकिरड्यातला, फेकून दिला. माझ्या पोराला घोडा-म्हैस कळत नाय, असं म्हणून बाबांनी फोन ठेवला. तू म्हणालास, हा माणूस गावभर हसं करून घेतोय. सात वर्षं, दादा! दिवाळीला एका पंगतीत बसून तुम्ही माझ्यामार्फत बोलायचात, आणि मी मेली खाली मान घालून भाकऱ्या वाढायचे.

तरी त्यांचं गोळा करणं सुटलं नाही. पेटीत एक्केचाळीस दात निघाले. प्रत्येकाला चिठ्ठी, कुठे मिळाला, कोणी दिला. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी, गेल्या महिन्यातल्यावरसुद्धा, एकच ओळ: पंकजला विचारणे. मी पेटीपाशी बसून पोटभर रडले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. जैतूचा दात तुझ्यापर्यंत कधी पोचलाच नाही. बाबांनी तो माझ्याकडे बांधायला दिला, आणि मला हौस, की चकाचक करून पाठवावा. तू नाही का बैलाचा जबडा सोड्यात उकळून पांढरा काढला होतास? मी तसाच उकळला. पातेल्यातच त्याचे तुकडे झाले. बाबा ओट्यावर बसून तुझा पत्ता लिहीत होते. मी गोठ्यामागच्या उकिरड्यातून तेवढाच एक काळा दात उचलला, कापसात गुंडाळला आणि पुडकं शिवून टाकलं. तू सांगितलंस ते खरंच होतं. बाबांचंही खरं असेल. नऊ तुकडे मी चहाच्या जुन्या डब्यात जपून ठेवलेत, दोनांवर अजून रेघा दिसतात. हे पत्र आजच एसटीवाल्यांच्या हाती देतेय, शुक्रवारच्या आत ये. ते जोडून बघ, घोडा की म्हैस ते सांग, मग मला काय बोलायचं ते बोल. शेवटच्या दिवशी बाबा शुद्धीवर होते. माझा हात धरून त्यांनी एवढंच विचारलं, की पंकजने तो दात खरंच फेकला असेल का गो. मी हो म्हणाले.

तुझीच,
अक्षदा