वेळेवर आलात, या जेवायला

४ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! ही वही लेकीनं निघताना माझ्या पिशवीत कोंबली. म्हणाली, आई, आठवडाभर जो काय राग येईल तो हिच्यात काढ, बाबांवर काढू नकोस. कार्टीला वाटतं मी कायम चिडलेलीच असते. तर आज मी अजिबात चिडलेली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

माझा नवरा फाउस्तो ज्या कंपनीची बस चालवतो, तिनं नाताळात सोडत काढली आणि आमच्या संसारात पहिल्यांदाच काहीतरी फुकट मिळालं. समुद्रकाठच्या हॉटेलात नवराबायकोला एक आठवडा, खाणंपिणं सगळं धरून. सान्तियागोहून इथवर फाउस्तो प्रवासी म्हणून बसला होता, पण प्रत्येक वळणावर त्याचा पाय ब्रेक दाबत होता. मी खिडकीबाहेर तोंड करून हसत होते.

दारातच मनगटाला निळी प्लास्टिकची पट्टी बांधली. ती कात्रीशिवाय निघत नाही. पट्टी असली की मागाल ते मिळतं, नसली की रखवालदार हाकलतो. आमची खोली तळमजल्यावर आहे. पुढं ओटा, ओट्यापुढं वाळू, वाळूपुढं समुद्र. पाण्यात एक मोठा खडक आहे, मधोमध आरपार भोक पडलेला, लाट आली की त्यातून फुस्सकन फवारा उडतो. आठवडाभर मला पार्लरमध्ये कुणाचे केस धुवायचे नाहीत, सरळ करायचे नाहीत, कुणासाठी केळी उकडून कुस्करायची नाहीत. फक्त कॉफीच्या बाबतीत मी कुणावर विश्वास ठेवत नाही, म्हणून घरची किटली आणि विजेची छोटी शेगडी कपड्यांत गुंडाळून आणली आहे. सापडली तर फाउस्तोची म्हणून सांगेन.

५ फेब्रुवारी, मंगळवार

इतके प्रकारचे भात मांडलेत आणि एकालाही खरवड नाही! वाढणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, बाई, पाहुण्यांना आम्ही करपलेलं वाढत नाही. करपलेलं म्हणे! बुडाला लागलेल्या त्या खरपूस भातावरून आमच्या घरी भावंडांची डोकी फुटली आहेत.

पण आजचा खरा राग फाउस्तोवर. या माणसाला कुणासमोर एकट्यानं खाता येत नाही. जेवणघर थेट वाळूवर आहे आणि वाळूत दोरी बांधली आहे. दोरीच्या अलीकडे पट्टीवाले, पलीकडे बाकीचं जग. जो कुणी दिसेल त्याला हा घास वर धरून म्हणतो, ‘‘वेळेवर आलात, या जेवायला!’’ झाडूवाल्याला म्हणाला, रखवालदाराला म्हणाला, एका जर्मन जोडप्याला म्हणाला. ती दोघं बिचारी खुर्ची ओढून बसायलाच निघाली होती. अरे, ही बोलायची पद्धत आहे. आपण या म्हणायचं, समोरच्यानं ‘आभार, तुम्ही सावकाश जेवा’ म्हणून आपल्या वाटेला लागायचं. पाळण्यातल्या पोरालाही हे कळतं.

मग दोरीपलीकडं एक म्हातारा येऊन उभा राहिला. गवताची टोपी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डाव्या कानाची पाळी फाटलेली. भर उन्हात नखशिखांत ओला. आमच्या ताटांकडं असा बघत होता की मला घास गिळवेना. फाउस्तोनं नेहमीसारखं या म्हटलं. म्हाताऱ्यानं आभार मानले नाहीत. तो म्हणाला, ‘‘आलो.’’

मी फाउस्तोला कोपरानं ढोसलं आणि पुन्हा पाहिलं तर तिथं कुणी नव्हतं. दोरी तेवढी हलत होती. दुपारभर मी त्याला बोलून घेतलं. तो म्हणाला, बाईसाहेब, लेकीनं वही कशाला दिली आहे?

६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी आमच्या टेबलाला तिसरी खुर्ची लावलेली होती. खुर्चीवर ओली वाळू आणि खाली पाण्याचं थारोळं. वाढप्याला झापलं, तर तो गोंधळून म्हणाला की साहेबांनीच तिसरं ताट मागितलं. फाउस्तो म्हणाला, बोलावलेल्या माणसाला उभं ठेवू का?

खुर्ची रिकामी होती. मला तरी रिकामीच दिसली. पण फाउस्तो तिच्याकडं वळून मान डोलवत होता, मिठाची वाटी सरकवत होता. दोन ताटं डुकराचं मांस, वर तळलेली केळी, एवढं खाऊन उठला आणि दहा पावलं चालून म्हणाला, नुरीस, पोटात नुसता खड्डा पडलाय गं.

दुपारी आईला फोन केला. हॉटेलचं नाव इंग्रजी, तिला ते उच्चारताही येत नाही. म्हणून मी तिला खडकाचं वर्णन करून सांगत होते. भोक, फवारा, फुस्स. तिनं मधेच तोडून विचारलं की त्या खडकासमोर आता काय आहे. जेवणघर आहे म्हटलं तर ती रडायला लागली.

ही जागा म्हणजे ला कालेतिता. आईचं गाव. ती पोरवयात होती तेव्हा इथं ट्रक आले, घरं पाडली, माणसं हाकलली आणि खडकासमोरची दफनभूमी मुडद्यांसकट सपाट केली. तिचा बाप तिथंच पुरलेला. सेवेरो कोळी. गळ अडकून ज्याचा कान फाटला होता तो.

मी तशीच चप्पल सरकवून हॉटेलच्या मॅनेजर साहेबाच्या खोलीत गेले. दातच दात दाखवत तो म्हणाला की बाई, इथं आधी काहीच नव्हतं, नुसती वाळू होती. नुसती वाळू! वर मला फुकटात अंग रगडून घ्यायची चिठ्ठी दिली. ती मी त्याच्या टेबलावर फाडून टाकली.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आता टेबलं जोडून लावली आहेत. ओल्या खुर्च्यांची रांग थेट दोरीपर्यंत गेली आहे. फाउस्तो सांगतो की सेवेरोनं घरच्यांना आणलं, शेजाऱ्यांना आणलं, लहान पोरंही आहेत, लाजतात, पण भूक फार आहे त्यांना. सेवेरो हे नाव मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

फाउस्तो खातो आणि वाळतो. कॉलरमधून मान काठीसारखी वर येते. आज पाणी पिताना त्याच्या हातातून ती निळी पट्टी निसटून वाळूत पडली. कात्रीशिवाय न निघणारी पट्टी! मी ती उचलून पुन्हा चढवली. हातात धरलं तेव्हा मनगट माझ्या लेकीच्या लहानपणीच्या मनगटाएवढं लागलं.

मी म्हटलं, ऊठ, आत्ता गाडी बोलावते, घरी जाऊ. तो उठेना. पाहुणे जेवत असताना यजमानानं ताटावरून उठायचं नसतं, म्हणाला. मी त्याच्या बखोटीला धरून ओढलं. हा वाळलेला माणूस माझ्यानं तसूभर हलला नाही, जणू पलीकडून कुणी धरून ठेवलंय. हॉटेलच्या डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं, ऊन लागलंय, टोपी घाला.

मग मी त्या खुर्च्यांसमोर उभी राहून चार लोकांत ओरडले. म्हटलं, आजोबा, भूक लागली असेल तर त्या दातवाल्या साहेबाला खा, ज्यांनी तुमच्यावर फरशी घातली त्यांना खा, माझ्या नवऱ्याला काय खाताय? लोक बघायला लागले. खुर्च्यांवरून पाणी टपटपत राहिलं. मला उत्तर माहीत आहे आणि त्याचाच जास्त संताप होतोय. त्या साहेबानं जन्मात कधी कुणाला या जेवायला म्हटलं नसेल. म्हणाला तो फक्त माझा गाढव, माझा भला माणूस.

८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

हाकलायचं म्हणजे हाकलायचं. आई करायची तेच मी करणार. बसून राहिलेला पाहुणा हलत नसेल तर दारामागं झाडू उलटा उभा करायचा, वर चिमूटभर मीठ. कितीही चिकट माणूस असो, त्याचं बूड चुळबुळायला लागतं आणि तो निघतो. मी स्वतः पाहिलंय.

इथं झाडूसुद्धा धड नाही, सगळी यंत्रं. खोली आवरणाऱ्या मिर्तानं बागेतला माडाच्या हिरांचा झाडू आणून दिला. कशाला हवा ते सांगितल्यावर मात्र ती तो सोडेना. तिनं विचारलं, बाई, घालवायचंय तरी कुणाला? मी म्हटलं, आगंतुकांना, दुसऱ्या कुणाला? आणि झाडू हिसकावून घेतला.

उलटा लावला आहे. मीठ टाकलं आहे. फाउस्तो ओट्यावर पडलाय. ओट्यावरही आता खुर्च्या आहेत, त्याही ओल्या. बघू कोण टिकतं ते.

शुक्रवार, दुपार

तो उठला. मला वाटलं, सुटला. किती बरं वाटलं मला.

त्यानं तोंड धुतलं. इस्त्रीचा शर्ट घातला. केस विंचरले. मग त्या रिकाम्या खुर्च्यांपुढं टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘बराच त्रास दिला तुम्हाला. फार छान पाहुणचार झाला. आता निघतो आम्ही.’’

आम्ही म्हणाला. आणि ओटा उतरून, दोरी ओलांडून, सरळ समुद्राकडं —

पाहुण्यांना घालवायला झाडू लावला मी. या जागेवर पाहुणे कोण? ते? ते तर इथलेच आहेत. मिर्ता विचारत होती ते हेच, आणि मी गधडी —

माझेही पाय. आपोआप चपला शोधतायत. मी पलंगाचा खूर एका हातानं धरलाय आणि दुसऱ्यानं लिहितेय. लिहिते आहे तोवर मी इथं आहे.

शुक्रवार, थोड्या वेळानं

झाडू मोडला. गुडघ्यावर घालून मोडला, तुकडे बाहेर फेकले. पाय थांबत नाहीत. तो गुडघाभर पाण्यात आहे. हाक मारली, वळत नाही. किनाऱ्यावर पट्टीवाले लोळतायत, एक जण मान वर करून बघत नाही. रखवालदार दोरी नीट करतोय. दोरी!

नाही. नाही जाऊ देणार. मी पाहुणी नाही. ऐकताय का? माझी आई इथं जन्मली. मी सेवेरोची नात आहे. मी घरची आहे. आणि घरची बाई थांब म्हणाली की पाहुणा निघत नाही. आई म्हणायची, थांबा, कॉफी चुलीवर आहे, की उंबऱ्यावरचा माणूससुद्धा मागं येऊन बसायचा.

किटली लावली. शेगडी लाल झाली.

खिडकीतून ओरडले. घसा फाटेस्तोवर. हे माझं घर आहे, फाउस्तो, थांब, कॉफी चुलीवर आहे!

माझे पाय थांबले. एकदम. जड झाले, फरशीला लागले.

तो कमरेभर पाण्यात थांबला. वळला. वळला माझा फाउस्तो!

शुक्रवार, लगेच

येतोय. पाण्यातून वर येतोय. शर्ट अंगाला चिकटलाय. पण त्याच्यामागं पाणी —

पाणी डोक्याडोक्यांनी वर येतंय. टोपी घातलेलं एक. जुने झगे घातलेल्या बाया. पोरं. आता मला दिसतायत. घरची म्हणाले ना मी. दिसणारच.

सगळा गाव. कॉफीला.

ओटा भरला. वाळूचा आवाज. कुणी ढकलत नाही, कुणी घाई करत नाही, रीतीनं उभे आहेत. किटली दोघांपुरतीच आहे.

दार वाजलं.

फाउस्तोचा आवाज. दमलेला, पण त्याचाच. विचारतोय, नुरीस, वेळेवर आलो ना? दाराखालून पाणी आत येतंय. मी म्हटलं, तू एकटाच ये. एकटा ये रे. तो म्हणाला की तसं करता येत नाही, मी पुढं आहे, पण हात सगळ्यांनी धरलेत.

नाही उघडलं तर तो यांच्याबरोबरच परत जाणार. उघडलं तर —

म्हाताऱ्याचा आवाज. अगदी दाराला तोंड लावून. कुणाची गं तू, विचारतो. आणि म्हणतो, घरची असशील तर तू म्हणायला हवं. तू म्हटल्याशिवाय आम्ही पाऊल टाकत नाही.

कुणी वाकडं बोलत नाही. एवढी अदब. त्या साहेबानं नुसती वाळू म्हटलेली ही माणसं माझ्या दारात टोप्या काढून उभी आहेत आणि माझा नवरा त्यांच्या हातात —

कॉफी उतू चालली आहे. फाउस्तो खोकतोय. थंडी वाजत असेल त्याला.

मी उठतेय. कडीला हात लावते आणि म्हणते. म्हणायचंच आहे मला, फक्त एकदा ओरडून सांगते की त्याला आधी आत सोडा, त्याला आधी, मग तुम्ही सगळे, वेळेवर आलात, या —