खालून झटका आला नाई

मुलचेरा, ४ नोव्हेंबर २०२४

ति. उमाजीभाऊस,
धाकट्या बहिणीचा सा. न. फोनवर बोलली की रडू येते, म्हणून लिहून राह्यली.

तुमी इचारलं, एवढा पोहणारा माहा सूरज बुडला कसा. तलावात जाळं खुंटाले अडकलं होतं. पोरानं आपल्या लोकायच्या रीतीनं डोंग्यावर बसून फसफस, भराभर श्वास घेऊन दम भरला, कमरेले दोरी बांधली अन् खाली गेला. दोरी त्याच्या दोस्ताच्या, धनराजच्या हाती. मी तलावाच्या पाळीवर, काठाले, मासे निवडत होती. लय वेळ झाला तशी ओरडली, ओढ म्हणून. धनराज म्हणे, काकू, खालून झटका आल्याबिगर ओढलं तं त्याचं नाव जाते, मग तो माह्याशी बोलन नाई. थांबलो आमी. मलेबी वाटलं, माहा पोरगा दमाचा पक्का.

डाक्टर म्हणे, तसा दम भरल्यानं हवा वाढत नाई, श्वास घ्याची तलफ तेवढी मरते. मग माणूस पाण्यात गुपचूप बेशुद्ध होते. धडपड नाई, झटका नाई. झटका देणारा झोपला अन् आमी वाट पाहून राह्यलो.

तुमच्या अजयले हे सांगा. वयनीले नमस्कार. लोभ हाये तसा राहू द्या.
तुमची इंदिरा

सिंदेवाही, १० नोव्हेंबर

चि. इंदिरास,
अनेक आशीर्वाद. पत्र अजयले वाचून दाखवलं. रडला. पण म्हणते, सूरजदादाचं नशीब. २४ तारखेले, आयतवारी, आमच्या तलावात जाळं सोडवाले तोच उतरणार. कोण जास्त थांबते म्हणून पोरायची शर्यतबी लागली. माहं ऐकत नाई. तू ये. तुले भेते तो.
तुझा भाऊ उमाजी

मुलचेरा, २७ नोव्हेंबर

ति. भाऊस, सा. न.
घरी पोचली. जेवल्याबिगर निघाली, राग मानू नका.

दम भरू नको म्हटलं तरी अजयनं भरलाच. म्हणून दोरी मी हिसकली अन् झटक्याची वाट न पाह्यता ओढली. वयनी म्हणे, लवकरच ओढलं तुमी. ओढलंच. पुन्हा ओढीन.

साऱ्या गावापुढं आत्यानं नाव घालवलं म्हणून अजयनं मले शिव्या देल्या. तुमी त्याले समजवाले जाऊ नका. बोलता बोलता त्याच्या तोंडातलं पाणी माह्या अंगावर उडत होतं. मी पुसलं नाई.

त्याचा लोभ तुटला तं तुटू द्या. तुमचा असू द्या.
तुमची इंदिरा