‘प्रतिनिधी, आ.’ आणि माझा प्रबंध

३ मार्च
प्रबंध पूर्ण झाल्यातच जमा. विषय: शहरी माणसाची झोप. राहिली आहे फक्त संदर्भसूची. कारकुनी काम, दोन दिवसांत हातावेगळं करतो. ३१ तारखेपर्यंत सादर केला नाही तर नोंदणी रद्द, म्हणे. मला तीन मुदतवाढींचा अनुभव आहे.

५ मार्च
सुरुवात केली नाही. आधी मन स्थिर हवं. तोवर पेन्सिलींना टोक केलं.

९ मार्च
सूची तयार! आडनाव आधी, मग नाव, अगदी नियमाप्रमाणे. वर्तमानपत्रांतले सर्वाधिक लेख ‘प्रतिनिधी, आ.’ यांचे. त्याखालोखाल ‘वार्ताहर, खा.’

१० मार्च
मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, हे आ. प्रतिनिधी कोण? आ. म्हणजे आमचे, मी खुलासा केला. पाणीटंचाईपासून बुद्धिबळापर्यंत लिहितात, व्यासंग दांडगा. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. लेखकाचं नाव छापलेलं नसेल तर मथळ्यापासून सुरुवात करा, म्हणाल्या; मग वृत्तपत्र, तारीख, पान. एवढंच ना!

११ मार्च
एवढंच नाही. कात्रणं मी फारच सुबक कापली आहेत. तारीख, पान, पेपरचं नाव, सगळं कडेला छापतात. कडा मी टाकून दिल्या. बायको म्हणाली, इतकी वर्षं घर मी एकटीनं ओढलं ते तुम्हाला कात्री चालवता यावी म्हणून का? तिचा सूर आज बरा नव्हता.

१४ मार्च
नामी युक्ती. कात्रणाच्या मागच्या बाजूवरून तारीख ओळखायची. मागे अर्धा फलंदाज आणि ‘उद्या ढगाळ’. मॅडमना हा पुरावा मान्य नाही.

१९ मार्च
पेपरच्या कचेरीत जुने अंक बांधून ठेवलेत. बऱ्याच तारखा मिळाल्या! फक्त ‘शहराची झोप उडाली’ हा लेख सापडत नाही. माझं अख्खं चौथं प्रकरण त्यावर उभं आहे.

२७ मार्च
सापडला. मथळ्याच्या वर, मी कापलेल्या कडेत, बारीक अक्षरांत: जाहिरात. खाली, मी कापलेल्या भागात, गादी. स्प्रिंगची. दुपारभर त्या पानासमोर बसून राहिलो.

२८ मार्च
मॅडमना फोन केला. मग आता चौथं प्रकरण कशावर उभं आहे, त्यांनी विचारलं. गादीवर, मी म्हणालो. नवं प्रकरण लगेच लिहून टाकतो, असंही सांगितलं. त्यांनी त्याआधीच फोन ठेवला असावा.

३० मार्च
नव्या प्रकरणाचं शीर्षक लिहिलं. मग खोडलं.

२ एप्रिल
नोंदणी रद्द झाल्याचा ईमेल काल आला. बायको बोलेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. ती काहीच बोलली नाही, त्याचीच भीती वाटली. रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तीही जागीच होती. मी हळूच म्हटलं, नव्यानं नोंदणी करता येते. तिनं कूस बदलली.