उलटा हात

ती. भावोजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (फार वाकता येत नाही. मानेवर चिकटपट्ट्या आहेत. त्यांचं पुढे येईल.)

तुमची पाठ कशी आहे? ताईची चिडचिड कशी आहे? पहिली बरी असेल तर दुसरीही बरी असणार, असा माझा अंदाज. भाचीला सांगा, मामा मजेत आहे. शुद्धलेखन बघू नका, मजकूर बघा. मजकुराकडेही फार रोखून बघू नका.

म्हाताऱ्या माणसांना सांभाळायच्या या घरात मी चादरी बदलतो, चाकांच्या खुर्च्या ढकलतो आणि गोळ्यांच्या वेळी सगळ्यांना हाका मारतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण अजून कच्च्यावर होतो. मोठ्या सिस्टरनी बोलावून सांगितलं, की टोकाच्या खोलीतल्या आजोबांनी तुला ठेवून घेतलं तर तू पक्का, नाहीतर पिशवी उचल. (माझ्या पिशवीला उचललं जायची सवय आहे, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण या वेळी मला जायचं नव्हतं. का, ते विचारू नका. इथे कुणीतरी माझी वाट बघत असतं, निदान गोळ्यांसाठी तरी.)

त्या खोलीत नाही-आजोबा राहतात. चहा? नाही. खिडकी उघडू? नाही. माझ्या आधीची पोरं एकेक करून परत पाठवलेली. हात थरथरतो म्हणून त्यांना स्वतःची दाढी करता येत नाही, आणि दाढी केल्याशिवाय चारचौघांत बसायचं नाही हा बाणा, म्हणून जेवणसुद्धा खोलीतच. विजेचं मशीन चालत नाही. म्हणे, मशीनची दाढी म्हणजे केर काढला पण फरशी पुसली नाही. त्यांना हवा त्यांचाच जुना सेफ्टी रेझर, नवं ब्लेड आणि ब्रशने काढलेला फेस. सिस्टरनी विचारलं, येते का रे दाढी करता? मी म्हणालो, येते की.

भावोजी, माझी दाढी तुम्ही पाहिली आहे. केस एकमेकांना हाका मारतील तरी ऐकू जाणार नाही, असं तुम्हीच लग्नात सगळ्यांसमोर म्हणाला होता. मी कुणाची दाढी करणार, कपाळ? तेव्हा स्वयंपाक्याला धरलं. त्याचे गाल पातेल्याच्या बुडासारखे लखलखीत. तो कांदा चिरता चिरता म्हणाला, आधी गरम पाण्याने केस मऊ कर, फेस लाव, सुलटा हात मार. मग परत फेस लावून उलटा हात. उलट्या हाताशिवाय गुळगुळीत होत नाही. एवढं बोलून तो फोडणीकडे वळला आणि माझं नशीबही तिथेच वळलं.

आता तुम्हीच सांगा, आपल्या घरी उलटा हात म्हणजे कुठला? पाटीवर उलट्या हाताने लिहिलं की छडी बसायची, तो. डावा! मी आधी स्वतःवर सराव केला. उजव्या हाताने ठीक झालं. मग परत फेस लावला आणि रेझर डाव्या हातात घेतला. चिकटपट्ट्यांचा उलगडा झाला असेल.

तरी गेलो. आजोबांच्या गालांवर गरम टॉवेल ठेवला, ब्रश गोल गोल फिरवून फेस चढवला. पहिल्याच ओढीला ते ओरडले, "दाबतोस काय? भिंत खरवडायचीय का?" रेझर दाबायचा नाही म्हणे, जरा तिरका धरायचा आणि त्याच्याच वजनाने जाऊ द्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण मी आजवर सगळं दाबूनच केलंय, दार असो, सायकल असो, की माणूस. हात हलका ठेवायचा तर खांदे सैल सोडावे लागतात, खांदे सोडायचे तर पुढे कुठे जायचंय ते विसरावं लागतं. दुसऱ्याच्या गळ्यावर पातं असताना माझ्यासारखा माणूससुद्धा जिथे उभा आहे तिथेच उभा राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सुलटा हात झाला. परत फेस लावला आणि देवाचं नाव घेऊन रेझर डाव्या हातात घेतला. आजोबांनी एक डोळा उघडला.

"डावखुरा आहेस?"

"नाही."

"मग हे काय?"

"आता उलटा हात ना, आजोबा."

ते हसायला लागले. पोट हलतंय, मान हलतेय, आणि मी रेझर हवेत धरून उभा. "अरे शहाण्या, हात नाही उलटायचा, दिशा उलटायची! केस खाली वाढतात तर तू खालून वर जा." मग त्यांनी माझी बोटं धरून आपल्या गळ्यावर फिरवली. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून माझाही. गालावर केस सरळ खाली, पण गळ्यावर कानाकडे वळलेले. ही वळणं प्रत्येकाची वेगळी असतात, म्हणाले. आधी हात फिरवून ओळख करून घ्यायची, मग पातं. मी कातडी ताणून धरली आणि छोट्या छोट्या ओढी घेत वर गेलो. रक्ताचा थेंब नाही. गार पाणी लावल्यावर गाल कसा, तर भाचीचा.

एवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. माझी मान बघून त्यांचा चेहरा पडला. विचारलं, "आजोबा, उद्यापासून दुसरा मुलगा पाठवू का?"

आजोबा म्हणाले, "नाही."

तर आता मी पक्का. त्या दुपारी आजोबा सगळ्यांबरोबर जेवायला बसले आणि भाजीला नावं ठेवली. स्वयंपाकी माझ्याशी बोलत नाही.

तुमचा,
(आता दोन्ही हातांनी बदनाम) मेहुणा

ता. क. पक्क्या माणसाला सुट्टी मिळते. पुढच्या महिन्यात येतोय. ताईला सांगू नका, ती आत्तापासून माझं अंथरूण उन्हात घालेल.

ता. क. दुसरा. खरं पत्र इथून आहे. ताई फोनवर म्हणाली, आमच्या बाबांनी हल्ली दाढी राखलीये. राखली नसणार, भावोजी. राहिली असणार. हात थरथरतो हे ते कुणाला सांगायचे नाहीत आणि न्हाव्यालाही गालाला हात लावू द्यायचे नाहीत. तर एक करा. त्यांच्याकडे जाल तेव्हा गळ्यावरून एकदा हात फिरवून बघा, केस कुठल्या बाजूला वळतात ते, आणि मला कळवा. खेकसले तर म्हणा, डास बसला होता. माझं नाव घेऊ नका.